कोविडची दुसरी लाट : घरात एक डायलिसिसचा आणि एक मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा रुग्ण, काळजी नेमकी कशी घ्यावी?

कृष्णाकाठ | शुक्रवार, २३ एप्रिल २०२१, रात्री

नमस्कार. आम्ही कराडला राहतो. आमच्या घरात पॉलिसिस्टिक किडनीचा (मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी वाढत जाण्याचा) आजार आनुवंशिक आहे. सासूबाईंचे (वय ६३) मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन वेळा हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) होते. पतींचे (वय ४१) मूत्रपिंड प्रत्यारोपण २०१७ मध्ये पुण्यात झाले असून दाता मी आहे. म्हणजे घरातल्या तिघा मोठ्या माणसांपैकी एकालाही या साथीत निर्धास्त राहता येत नाही, आणि शाळा बंद असल्यामुळे दोन्ही मुले दिवसभर घरातच असतात.

गेल्या वर्षीची लाट आम्ही कशीबशी निभावली. या वेळी मात्र सासूबाईंच्याच शिफ्टमधले दोन रुग्ण पाठोपाठ बाधित निघाले, आणि त्यांतल्या एक आजी त्यांच्या शेजारच्याच खाटेवर असत. तेव्हापासून सासूबाईंनी धसका घेतला आहे. उद्याचा शनिवार सोडून थेट मंगळवारी जाईन आणि पुढेही आठवड्यातून दोनदाच जाईन, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. त्यांना अजून थोडी लघवी होते, पायांवर सूज नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला ठामपणे सांगता येत नाही, आणि होकारही देववत नाही.

पतींचे कृषी सेवा केंद्र आहे. सध्या ते सकाळी सात ते अकरा उघडे असते आणि खरिपाची खरेदी तोंडावर आल्यामुळे गर्दी होते. ते टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन घेतात. या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करतात, तेव्हा साथ ओसरेपर्यंत त्या निम्म्या कराव्यात, असे दोन नातेवाइकांनी आग्रहाने सांगितले आहे. आम्ही तसे काहीही केलेले नाही, पण त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला आहे. पुण्याच्या तपासणीची तारीख जवळ आली आहे आणि जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी आजपासून पुन्हा ई-पास लागू झाला आहे.

दोघांपैकी कोणी बाधित झाल्यास पहिले पाऊल काय उचलावे, आणि बाधित रुग्णाचे डायलिसिस कुठे होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आरओ_प्लांट | शुक्रवार, २३ एप्रिल २०२१, रात्री उशिरा

ताई, उद्या त्यांना पाठवा. बाकीचे सवडीने वाचले तरी चालेल.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका केंद्रात डायलिसिस तंत्रज्ञ आहे. अनेक रुग्णांना वाटते की बाधित व्यक्तीला ज्या यंत्रावर घेतले, त्या यंत्रातून विषाणू आपल्या रक्तात येईल. तसे होत नाही. डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या नळकांडीच्या) पडद्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की त्यांतून विषाणू पलीकडे जाऊ शकत नाही. यंत्राचा आतला मार्गही उष्णतेने किंवा रसायनाने निर्जंतुक करतात, आणि बाहेरचा पृष्ठभाग, खाटेचा कठडा, रक्तदाबाचा पट्टा हे सर्व प्रत्येक शिफ्टनंतर सोडियम हायपोक्लोराइटने किंवा तशाच जंतुनाशकाने पुसतात. बाधित रुग्णाचा डायलायझर पुन्हा वापरण्यासाठी ठेवायचा नसतो, एवढे मात्र तुमच्या केंद्रात पाळले जाते ना, हे विचारून घ्या. विचारल्याचा कोणी राग मानू नये आणि तुम्हीही संकोच करू नये.

आमच्या अनुभवानुसार संसर्ग होतो तो प्रतीक्षा कक्षात, वजनकाट्यापाशी, चार-पाच रुग्ण मिळून ठरवलेल्या जीपमध्ये आणि सर्वांत जास्त डबा खाताना. चार तासांच्या डायलिसिसमध्ये दुसऱ्या तासाला भूक लागते, मग एकाच वेळी सात-आठ जणांचे मास्क उतरतात आणि गप्पा सुरू होतात. म्हणून सासूबाईंना घरूनच खाऊन पाठवा. मधुमेह असेल तर साखर किंवा बिस्किटे जवळ असू द्यात, पण खायचे ते शेजारच्याच्या तोंडावर मास्क असताना आणि झटपट. त्यांना एन-९५ चार तास सोसत असेल तर उत्तम. जीव घुसमटून त्या तो सतत खाली ओढणार असतील, तर नीट बसणारा तीन पदरी मास्क बरा. खिडकीजवळची खाट मिळत असेल तर मागून घ्या. शक्य असेल तर स्वतंत्र वाहनाने न्या, काचा उघड्या ठेवा, आणि पहिली शिफ्ट संपून हॉल पुसून होईपर्यंत गाडीतच थांबा. केंद्रातून तुम्हाला फोन करून आत बोलावतील अशी व्यवस्था आम्ही गेल्या वर्षीपासून ठेवली आहे. तुमच्या केंद्रालाही ती सुचवता येईल.

घरी परतल्यावर लगेच डोक्यावरून अंघोळ घालण्याची पद्धत अनेक घरांत पडली आहे. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर जिथे सुया टोचलेल्या असतात, ती जागा त्या दिवशी ओली करू नये. कपडे बदलावेत, तोंड आणि दुसरा हात साबणाने धुवावा, तेवढे पुरते. केंद्रात जाण्यापूर्वी मात्र फिस्टुलाचा हात साबणाने स्वच्छ धुऊन जावे.

एक काम आज रात्रीच करा. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांची फाईल तयार ठेवा. त्यात ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचे वजन), किती तासांचे डायलिसिस, कोणता डायलायझर, हेपारिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) मात्रा, फिस्टुला कोणत्या हाताला, रक्तगट, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचे अलीकडचे अहवाल, चालू औषधे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे असू द्यात. रुग्ण बाधित झाला की त्याला बहुधा दुसऱ्या केंद्रात जावे लागते, आणि तिथे मध्यरात्री पोहोचल्यावर हे कागद हाताशी नसतील तर खाट असूनही डायलिसिस सुरू होण्यास तासन्‌तास जातात. आमच्याकडे येणाऱ्या नव्या रुग्णांच्या बाबतीत मी हे वारंवार पाहिले आहे.

नेफ्रॉन_ठाणे | शनिवार, २४ एप्रिल २०२१, सकाळी

मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या रुग्णांना मी तपासलेले नाही, त्यामुळे मात्रेचे निर्णय त्यांचे डॉक्टरच घेतील. जे सर्वांना लागू आहे ते येथे सविस्तर लिहितो.

सासूबाईंनी आजचा शनिवार सोडला तर गुरुवारनंतर थेट मंगळवार येतो, म्हणजे मध्ये चार पूर्ण दिवस डायलिसिसविना जातात. आठवड्यातून तीनदा नियमित डायलिसिस घेणाऱ्यांमध्येसुद्धा दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतर मृत्यूचे आणि हृदयविकाराचे प्रसंग अधिक घडतात, हे अमेरिकेतील बत्तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात २०११ मध्ये दिसून आले होते. तो खंड आपण होऊन दुप्पट करणे धोक्याचे आहे. थोडी लघवी होते याचा अर्थ काही पाणी बाहेर पडते एवढाच. पोटॅशियम किती साठले आहे हे त्यावरून कळत नाही, आणि पायांवर सूज येण्याची वाट न पाहताही ते हृदयाचे ठोके बिघडवू शकते. ६.५ च्या पुढे गेलेले पोटॅशियम अनेकदा कोणतीही पूर्वसूचना देत नाही.

गेल्या वर्षीच्या टाळेबंदीत काय घडले याची नोंद आपल्याकडे आहे. देशातील १९ मोठ्या रुग्णालयांनी एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, त्यांच्याकडील नियमित डायलिसिसच्या २८ टक्के रुग्णांची एक वा अधिक डायलिसिसे चुकली, आणि सुमारे चार टक्के रुग्ण केंद्राकडे फिरकेनासे झाले. त्यांपैकी बहुतेकांना संसर्ग झालेला नव्हता. वाहन मिळाले नाही, रस्त्यात अडवले गेले, केंद्र बंद झाले किंवा भीती वाटली, अशीच कारणे होती. मला या साथीत सर्वांत अधिक दुःख या रुग्णांचे होते, कारण त्यांच्यावरचा उपचार उपलब्ध होता, ठाऊक होता आणि साधा होता.

लघवीचे प्रमाण चांगले असलेल्या काही निवडक रुग्णांचे डायलिसिस साथीच्या काळात तीनाऐवजी दोनवर आणण्याचा निर्णय काही तज्ज्ञांनी घेतला आहे, हे खरे आहे. पण तो चोवीस तासांची लघवी मोजून, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट तपासून, वारांची फेरआखणी करून घेतलेला निर्णय असतो. सासूबाईंची इच्छाच असेल तर तो प्रश्न त्यांच्या डॉक्टरांपुढे मांडा, पण उत्तर मिळेपर्यंत वार चुकवू नका.

आता लक्षणांविषयी. डायलिसिसच्या रुग्णाला धाप लागली तर ती कोविडची असेल किंवा फुप्फुसांत साचलेल्या पाण्याची असेल, आणि पुष्कळदा दोन्हींची सरमिसळ असते. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्हींच्या सावल्या एकमेकींसारख्या दिसू शकतात. म्हणून केवळ स्कॅनचा आकडा वाचून 'कोविड आहे, डायलिसिस नंतर पाहू' असे कोणी म्हणत असेल, तर मूत्रपिंडविकारतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय ते मान्य करू नका. कित्येक रुग्णांचा प्राणवायू एका डायलिसिसनंतर सुधारतो. तापाचेही तसेच आहे. मानेत किंवा छातीत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर कॅथेटरच्या संसर्गाचा विचार आधी करावा लागतो. सासूबाईंना फिस्टुला असेल तर ऑक्सिमीटर दुसऱ्या हाताच्या बोटाला लावा, आणि रक्तदाबही त्याच दुसऱ्या हातावर मोजा. वाचन ९४ च्या खाली टिकून राहिले तर घरी थांबू नका.

बाधित रुग्णांच्या डायलिसिसबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. बाधितांसाठी पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रणेसह केंद्रे निश्चित करून ठेवावीत, संशयित रुग्णाला शक्यतो वेगळ्या खोलीत किंवा शेवटच्या शिफ्टमध्ये घ्यावे, आणि रुग्णाला व सोबतच्या एका व्यक्तीला प्रवासाची मुभा मिळावी, असे त्यांत आहे. मुंबईत गेल्या वर्षी मे महिन्यापासून महापालिका आणि शहरातील मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी कोणत्या केंद्रात बाधितांसाठी यंत्र मोकळे आहे याची माहिती एकत्र आणली, आणि त्यानंतर रुग्णवाहिकेतून दारोदार फिरण्याची वेळ पुष्कळ रुग्णांवरून टळली. लहान शहरांत अशी व्यवस्था सगळीकडे नाही. म्हणून तुमच्या केंद्राच्या प्रमुखांना आजच विचारा की आमचा रुग्ण बाधित निघाला तर तुम्ही त्याला कुठे पाठवता, आणि तिथला क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पतींच्या गोळ्यांबाबत माझे मत निःसंदिग्ध आहे : संसर्ग झालेला नसताना एकही गोळी कमी करू नये. तुम्ही दिलेले मूत्रपिंड त्यांच्या शरीराने स्वीकारलेले आहे ते या गोळ्यांच्या आधारावरच. त्या निम्म्या केल्या तर विषाणूपासून संरक्षण मिळेल याची शाश्वती नाही, मूत्रपिंड नाकारले जाण्याची शक्यता मात्र खरी आहे, आणि त्यावरचा उपचार म्हणजे शिरेतून स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा, ज्या या काळात कोणालाच नको आहेत. संसर्ग झालाच तर प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी फोन करावा. सर्वसाधारणपणे आम्ही मायकोफेनोलेट तात्पुरते थांबवतो किंवा कमी करतो, आजार वाढल्यास टॅक्रोलिमसचा विचार करतो, आणि प्रेडनिसोलोन कधीही अचानक बंद करत नाही. जुलाब होत असतील तर टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढू शकते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

दुकानातून किंवा शेजारच्या रुग्णाच्या चिठ्ठीवरून आणलेल्या औषधांपासून दोघांनाही दूर ठेवा. तापासाठी पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक नको. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम ही औषधे टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात आणि रिफाम्पिसिन ती खाली आणते. प्राणवायू उत्तम असताना घरच्या घरी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू करण्याची जी लाट आली आहे, ती फार घातक आहे : जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून त्या औषधाचा फायदा दिसला तो प्राणवायू द्यावा लागलेल्या रुग्णांमध्ये, इतरांमध्ये नव्हे. प्रत्यारोपित व्यक्ती आधीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असते. त्यात जास्तीचे स्टिरॉइड आणि वाढलेली साखर यांची भर पडली की म्युकरमायकोसिससारखी बुरशी डोके वर काढते. गालाच्या एका बाजूला सूज किंवा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, एका डोळ्याभोवती दुखणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

रेमडेसिविरसाठी रांगेत उभे राहण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्या की त्याच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाचे कार्य (ईजीएफआर, म्हणजे रक्त गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असल्यास ते टाळण्याची सूचना आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या सरसकट वापराविरुद्ध शिफारस केली आहे. काही रुग्णांना आम्ही विचारपूर्वक ते देतो, पण ते मिळाले नाही म्हणून सर्व संपले असे कोणी मानू नये.

वैनगंगा | शनिवार, २४ एप्रिल २०२१, दुपारी

कृष्णाकाठ ताई, तुमच्या पतींसाठी मुद्दाम लिहितो आहे. माझे प्रत्यारोपण २०१४ मध्ये नागपुरात झाले, मूत्रपिंड आईचे आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये मला कोविड झाला.

डॉक्टरांनी वर जे लिहिले आहे, तसेच माझ्या बाबतीत झाले. अहवाल आला त्याच संध्याकाळी मायकोफेनोलेट थांबवले, टॅक्रोलिमस चालू ठेवले आणि प्रेडनिसोलोनची मात्रा त्यांनी ठरवून दिली. पण माझी मात्रा पाहून कोणीही स्वतःची ठरवू नये, कारण माझ्याच शिफारशीवरून त्याच डॉक्टरांकडे गेलेल्या दुसऱ्या एका प्रत्यारोपित गृहस्थांना अगदी वेगळ्या सूचना मिळाल्या होत्या. मी रुग्णालयात असताना साखर वाढली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) काही काळ वर गेले आणि मग पूर्ववत झाले. थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची हेसुद्धा डॉक्टरांनीच सांगितले. बरे वाटू लागले म्हणून मी ती आपल्या मनाने सुरू केली नाही आणि विसरूनही गेलो नाही. ही दुसरी तारीख पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

प्रत्यारोपित व्यक्तीची आरटी-पीसीआर चाचणी बरे वाटल्यानंतरही बराच काळ पॉझिटिव्ह येत राहू शकते. घरच्यांनी त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण आपण इतरांना संसर्ग देऊ शकतो तो काळही सर्वसाधारण माणसापेक्षा लांबू शकतो, असे मला सांगण्यात आले होते, म्हणून विलगीकरण कधी संपवायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तुमच्या घरात सासूबाई असल्यामुळे याला फार महत्त्व आहे.

औषधांचा किमान दीड महिन्याचा साठा घरात ठेवा. गेल्या वर्षी टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या गावच्या दुकानात टॅक्रोलिमस मिळेना आणि दुकानदार दुसऱ्या कंपनीचे देऊ लागला. कंपनी बदलली की रक्तातली पातळी तपासावी लागते, म्हणून शक्यतो एकच कंपनी धरून राहावे. पुण्याला जाणे टाळता येईल का, हे तिथे फोनवर विचारा. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम लागू केले आहेत, त्यामुळे चिठ्ठीही फोनवरून मिळू शकते. रक्ताचा नमुना कराडमध्ये देऊन तो मोठ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय असते. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी रक्त द्यायचे असते, ते मात्र स्थानिक प्रयोगशाळेला आधीच सांगून ठेवा.

दुकानाविषयी माझे मत कठोर आहे. हंगाम मोठा आहे हे मी शेतकऱ्याचा मुलगा असल्याने जाणतो, तरीही त्यांनी सध्या गल्ल्यावर बसू नये. फोनवर मागणी घ्यावी, हिशेब घरून पाहावा, आणि माल देण्यासाठी दुसरा माणूस ठेवावा.

कृष्णाकाठ | शनिवार, २४ एप्रिल २०२१, रात्री

सर्वांचे मनापासून आभार. यंत्रातून विषाणू येत नाही, हे तंत्रज्ञ दादांचे वाक्य मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवले. त्या आज गेल्या आणि व्यवस्थित परत आल्या. मात्र वजन ड्राय वेटपेक्षा अडीच किलोहून अधिक भरले. त्यांच्या बाबतीत दोन दिवसांत एवढे कधी वाढत नाही. चौकशी केल्यावर कळले की शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून त्या दिवसभर गरम पाणी आणि दोन वेळा गुळवेल-ज्येष्ठमधाचा काढा घेत आहेत, शिवाय व्हिटॅमिन सी च्या गोळ्याही. पतीही काढा घेत होते. तो आज बंद केला आहे, पण खाण्यापिण्याचे नेमके काय करावे? आणि लस? सासूबाईंनी ती अजून घेतलेली नाही, सुईमुळे हात सुजेल या भीतीने त्या टाळत आल्या आहेत.

मांजराकाठचा_मुलगा | रविवार, २५ एप्रिल २०२१, सकाळी

माझे वडील लातूर जिल्ह्यात गावी असतात. गेल्या वर्षी टाळेबंदीत एसटी बंद झाली, तालुक्याच्या केंद्रापर्यंत पोहोचता येईना आणि त्यांचे डायलिसिस चुकले. रात्री त्यांना पाय उचलवेनात एवढा अशक्तपणा आला. रुग्णालयात काढलेल्या ईसीजीवरून पोटॅशियम वाढल्याचे डॉक्टरांनी ओळखले आणि तातडीचे डायलिसिस झाले. त्यानंतर आम्ही आहाराकडे फार बारकाईने पाहू लागलो, म्हणून त्याविषयी लिहितो.

सध्या सगळीकडून शहाळ्याचे पाणी, मोसंबीचा रस, सूप आणि भरपूर पाणी हा सल्ला मिळतो आहे. इतरांसाठी तो योग्य असेल, पण डायलिसिसच्या रुग्णासाठी यांतले प्रत्येक पेय जोखमीचे आहे. शहाळे, मोसंबी, संत्री, केळी, टोमॅटो, बटाटा, पालक, सुकामेवा, गूळ या सर्वांत पोटॅशियम भरपूर असते. आंब्याचे दिवस आहेत, वाटीभर आमरस मागितला जाईल, तिथे एखाद्या फोडीवर समाधान मानायला लावावे लागते. भाजी बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास भिजवावी, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात शिजवून तेही पाणी ओतून द्यावे. रक्तदाबासाठी म्हणून मिळणारे कमी सोडियमचे मीठ आणू नये, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. पाण्यासाठी आम्ही सकाळीच दिवसभराचे माप एका बाटलीत भरून ठेवतो आणि चहा, ताक, आमटी यांतले पाणीही त्यातूनच वजा करतो. प्रथिने मात्र कमी करू नयेत : अंड्याचा पांढरा भाग, पनीर, मासे चालत असतील तर मासे. वाहतूक पुन्हा ठप्प झाली तर हाताशी असावी म्हणून पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर डॉक्टरांनी आम्हाला लिहून दिली आहे, तुम्हीही विचारून घ्या.

वडील आता घरीच पोटाचे डायलिसिस करतात. दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची आणि काही तासांनी काढायची. खोली स्वच्छ लागते, पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. पिशव्यांची खोकी संपण्यापूर्वी मागवावी लागतात एवढीच चिंता. केंद्रात जाण्याचा प्रश्नच राहिलेला नाही. सासूबाईंसाठी याचा विचार जरूर करावा, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

नेफ्रॉन_ठाणे | रविवार, २५ एप्रिल २०२१, दुपारी

आहाराबाबत वर लिहिलेले बहुतेक सर्व योग्य आहे. पोटाच्या डायलिसिसचा पर्याय साथीच्या काळात चांगला आहे आणि आपल्याकडे तो फारच कमी रुग्णांना सुचवला जातो, याची मला खंत आहे. तरीही सासूबाईंसाठी तो आज घाईने निवडू नये. त्यासाठी पोटात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया, ती जागा भरून येण्याचा काळ आणि घरच्यांचे प्रशिक्षण लागते. शिवाय पॉलिसिस्टिक आजारात मूत्रपिंडे फार मोठी झालेली असतील तर पोटात पाण्याला पुरेशी जागा उरत नाही. सोनोग्राफीचा अहवाल घेऊन लाट ओसरल्यावर शांतपणे चर्चा करा.

काढा दोघांनीही बंदच ठेवावा. ज्येष्ठमधाने शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब वाढतो. प्रतिकारशक्ती चेतवण्याच्या हेतूने घेतलेली गुळवेल प्रत्यारोपित व्यक्तीच्या गोळ्यांच्या उद्देशाविरुद्ध जाते. व्हिटॅमिन सी च्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेतल्यास त्याचे ऑक्सलेट होते, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंड नसेल तर शरीरात साठते. पतींच्या एकमेव मूत्रपिंडालाही त्याची गरज नाही. वाफ घ्यायची असेल तर घ्यावी, गरम पाणी पिण्याची सक्ती नको.

लस सासूबाईंनी या आठवड्यातच घ्यावी. साठीवरील सर्वांसाठी ती १ मार्चपासून खुली आहे. डायलिसिसच्या वेळी हेपारिन दिले जाते, त्यामुळे टोचलेल्या जागी रक्त साकळू नये म्हणून डायलिसिस नसलेला दिवस निवडावा, म्हणजे सोमवार, बुधवार किंवा शुक्रवार. लस फिस्टुला नसलेल्या दंडावर घ्यावी आणि नंतर ती जागा थोडा वेळ दाबून धरावी. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींमध्ये शरीरात वाढू शकेल असा जिवंत विषाणू नाही, त्यामुळे प्रत्यारोपित रुग्णांनाही त्या चालतात. पतींचे वय ४१ असल्यामुळे त्यांना १ मेपासून लस घेता येईल, नोंदणी २८ एप्रिलला सुरू होत आहे. प्रत्यारोपण केंद्राला कळवून ती घ्यावी.

मात्र लस घेतली म्हणजे ते निर्धोक झाले, असे घरात कोणीही समजू नये. अमेरिकेत ४३६ प्रत्यारोपित व्यक्तींना लसीचा पहिला डोस दिल्यानंतर त्यांतील केवळ १७ टक्क्यांमध्ये प्रतिपिंडे आढळली, असे गेल्या महिन्यात प्रसिद्ध झाले आहे. त्या लसी वेगळ्या असल्या तरी कारण तेच, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. म्हणून त्यांचे रक्षण पुष्कळसे तुमच्या लसीवर अवलंबून आहे. तुम्हीही त्याच दिवशी नोंदणी करा, आणि दोन्ही डोस झाल्यानंतरही त्यांचा मास्क आणि दुकानापासूनचे अंतर तसेच ठेवा.

घरातील खोल्यांची विभागणी आताच करावी. सासूबाई आणि पती यांना एका खोलीत झोपवू नका. सासूबाई दर आठवड्याला तीन वेळा केंद्रात जाऊन येतात, पती जात नाहीत, त्यामुळे या दोघांमध्ये अंतर राखणे सर्वांत आवश्यक आहे. आणि तुम्हीच बाधित झालात तर मंगळवारी सासूबाईंना घेऊन कोण जाणार, त्या व्यक्तीला फाईल कुठे आहे हे ठाऊक आहे का, याचे उत्तर आज घरात सर्वांना माहीत असू द्या.

तुम्ही स्वतःविषयी एक शब्दही विचारलेला नाही. तुमचेही एकच मूत्रपिंड आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन तुम्हालाही नको, अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. सासूबाईंबरोबर तुम्हीही पाणी कमी पिऊ नका, उन्हाळ्यात तुम्हाला ते पुरेसे लागते. दात्याने वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासायची असतात. पतींच्या टॅक्रोलिमसचा नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस घरी येईल, तेव्हा त्याच्याकडेच तुमचाही नमुना द्या.